एरोबिक्सची सुरुवात: कोणत्या प्रकाराला शरीर कसा प्रतिसाद देते

जून सरत आला की साताऱ्यात चार भिंतीच्या, अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या वाटा निसरड्या होतात, पहाटे फिरणाऱ्यांची पंचाईत होते आणि हॉलमध्ये, मंगल कार्यालयांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एरोबिक्सच्या नव्या बॅच सुरू होतात. नाव नोंदवायला आलेल्या बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. झुंबा घ्यावा, स्टेप (पायरीवर चढ-उतार करण्याचा प्रकार) घ्यावे की साधे एरोबिक्स, हा पहिला. आणि वजन कशाने लवकर उतरेल, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला या लेखात जागा नाही, कारण वजनाचा मोठा हिशेब ताटात होतो. पहिल्याचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे.

शरीराला बॅचचे नाव कळत नाही. एकाच वेळी किती स्नायू कामाला लागले, ते किती वेगाने हलले, पाऊल जमिनीवर किती जोराने पडले आणि दोन कष्टांच्या मध्ये विसावा किती मिळाला, एवढेच त्याला कळते. एरोबिक्सचे सगळे प्रकार म्हणजे या चार गोष्टींची वेगवेगळी मांडणी आहे. नवख्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे: हृदय आणि फुप्फुसे यांची तयारी लवकर होते, तर कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे) आणि हाडे यांची फार सावकाश होते. तीन-चार आठवड्यांत दम सुधारतो, अंगात उत्साह येतो आणि माणूस उड्या मारू लागतो. गुडघा, टाच आणि नडगी मात्र अजून पहिल्या आठवड्यातच असतात. नव्या माणसांची बरीचशी दुखणी या तफावतीतून येतात. पुढचा क्रम ती तफावत डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे.

पहिली पायरी: स्वतःची नाडी आणि स्वतःची दुखणी

बॅच सुरू होण्याआधी सलग तीन-चार दिवस सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि चहाच्याही आधी, नाडी मोजून लिहून ठेवावी. डावा तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या घडीपासून दोन बोटे खाली, उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा हलकेच टेकवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे स्पंदन असते आणि मोजणी चुकते. ३० सेकंद मोजून आकडा दुप्पट करावा. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. हा आकडा पुढे दोन कामांना येतो: काही महिन्यांनी तो खाली आला, तर हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागले आहे असे समजावे, आणि एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा आठ-दहाने वर दिसला, तर झोप अपुरी झाली आहे, ताप येऊ घातला आहे किंवा आदल्या दिवशीचा व्यायाम अजून अंगातून गेलेला नाही, असे समजून त्या दिवशी हलकेच घ्यावे.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी, छातीत दुखण्याचा किंवा चक्कर येऊन पडण्याचा पूर्वानुभव असणाऱ्यांनी आणि गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची काही औषधे हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. अशी औषधे घेणाऱ्याने नाडीच्या आकड्यावर विसंबून राहिल्यास तो स्वतःला नकळत जास्त ताणतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात आणि त्यानंतरच्या काही तासांतही एकदम खाली येऊ शकते, कारण काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज बाळगावे आणि ते कुठे ठेवले आहे हे शेजारच्याला सांगून ठेवावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच कमी असेल, तर धाप लागते आणि ती बाई स्वतःला आळशी समजून अधिक जोर लावत बसते.

दुसरी पायरी: पहिल्या दहा मिनिटांत आत काय चालते

संगीत सुरू होऊन पावले हलू लागताच स्नायूंना प्राणवायू हवा असतो, पण हृदय आणि श्वास त्या मागणीला लगेच पुरे पडत नाहीत. हलक्या-मध्यम श्रमात हा ताळमेळ बसायला दोन ते तीन मिनिटे लागतात आणि तोवर स्नायू स्वतःच्या साठ्यावर, प्राणवायूविना ऊर्जा मिळवून काम भागवतात. सुरुवातीलाच धाप लागल्यासारखे होणे, पोटऱ्या जड वाटणे हे बहुतांशी या उधारीचे लक्षण असते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तेच श्रम सोपे वाटू लागतात. ‘मला हे जमणार नाही’ असा निर्णय अनेक जण तिसऱ्या मिनिटाला घेतात. तो पाच मिनिटे पुढे ढकलावा.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. जोरकस व्यायामात सर्वसाधारण निरोगी माणसात हे प्रमाण १५ ते २० लिटरपर्यंत जाते. विश्रांतीत या रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे असतो, तर कडक श्रमात चार पंचमांशाच्या आसपास तिकडे वळतो, आणि तो मुख्यतः पोट, आतडी, मूत्रपिंडे यांच्या वाट्यातून काढून घेतलेला असतो. पोहे किंवा मिसळ खाऊन बॅचला आलेल्याला मळमळते त्याचे कारण हेच. भरपेट खाण्यानंतर दोन-अडीच तास जाऊ द्यावेत. पहाटेच्या बॅचसाठी अर्धे केळे पुरते.

स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता घाम वाळल्यामुळे जाते, नुसता घाम आल्यामुळे नव्हे. साताऱ्याच्या जुलैत हवा ओलीचिंब असते, खिडक्या पावसामुळे बंद असतात आणि घाम वाळत नाही. मग त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते आणि त्याच पावलांना, त्याच ठेक्याला नाडी हळूहळू वर सरकत जाते. बाहेर गारवा आहे म्हणून आत कोंडून घेतलेल्या हॉलमध्ये अर्ध्या तासानंतर जो थकवा येतो, त्यात कोंदट हवेचा वाटा मोठा असतो. पंखे सुरू ठेवावेत, एक-दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाण्याचे दोन-चार घोट मधूनमधून घ्यावेत.

उष्मन किंवा वॉर्म-अप आठ-दहा मिनिटांचा असावा आणि त्यात पुढे येणाऱ्या पावलांचीच संथ रूपे असावीत. थंड स्नायू ताणून धरत बसण्याला मी वॉर्म-अप म्हणत नाही.

तिसरी पायरी: स्वतःचे मोजमाप ठरवणे

नाडीसाठी प्रचलित हिशेब असा: २२० मधून वय वजा करावे, म्हणजे अंदाजे कमाल ठोके मिळतात. ४५ वर्षांच्या माणसाचे ते १७५ येतात. त्याच्या ६० ते ७५ टक्के म्हणजे १०५ ते १३१ हा नवख्यासाठी योग्य पट्टा होय. हा अंदाज आहे. निरोगी माणसांतही खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी वरखाली असू शकतो, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून घाबरू नये आणि हिरवा दाखवला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

त्याहून भरवशाची कसोटी बोलण्याची आहे. पावले चालू असताना सातचा पाढा स्पष्ट म्हणता येतो, पण गाणे गुणगुणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम असतात. ‘सात त्रिक एकवीस’ म्हटल्यावर श्वास घ्यावाच लागत असेल, तर श्रम कडक झाले आहेत. ही कसोटी खरी ठरते, कारण एका मर्यादेपलीकडे स्नायूंत तयार होणारे आम्ल निस्तरण्यासाठी शरीर अधिकचा कर्बवायू बाहेर टाकू लागते, श्वासाची गती एकदम चढते आणि वाक्य तुटते. पहिल्या महिन्यात पाढा तुटू देऊ नये.

चौथी पायरी: सुरुवात लो-इम्पॅक्टने

लो-इम्पॅक्ट म्हणजे एक पाय सतत जमिनीवर असणारा प्रकार. जागच्या जागी चालणे, बाजूला पाऊल टाकून दुसरे जुळवणे, चार पावलांची तिरपी गुंफण म्हणजे ग्रेपवाइन, पुढे दोन आणि मागे दोन पावलांची व्ही-स्टेप, गुडघा वर उचलणे एवढ्या ऐवजावर चांगली शिक्षिका चाळीस मिनिटांची बॅच कंटाळा न येऊ देता चालवते. यात पावलागणिक जमिनीकडून येणारा धक्का शरीराच्या वजनाच्या साधारण एक ते दीड पट असतो, तर दोन्ही पाय उचलणाऱ्या हाय-इम्पॅक्ट उड्यांमध्ये तो दोन ते तीन पट होतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा फरक प्रत्येक पावलाला कित्येक किलोंचा असतो, आणि एका बॅचमध्ये अशी पावले हजारांत पडतात.

मात्र लो-इम्पॅक्ट म्हणजे हलका व्यायाम, हा समज खरा नव्हे. धक्का आणि श्रम या वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊल लांब टाकले, गुडघे थोडे अधिक वाकवून शरीर खाली-वर नेले, खोलीभर सरकत राहिले, की मांड्या आणि नितंब यांचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि उडी न मारताही नाडी हव्या त्या पट्ट्यात जाते. उलट, आखडलेल्या पावलांनी, ताठ गुडघ्यांनी तीच हालचाल केली, तर घाम कमी आणि गुडघ्यांची कुरकुर जास्त.

पाऊल कसे पडते ते आरशात पाहावे. जागच्या जागी चालताना आधी चवडा टेकतो आणि मग टाच खाली येते. टाच हवेतच ठेवून संपूर्ण बॅच चवड्यावर काढणाऱ्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दगड होतात आणि घोट्यामागची कंडरा दुखू लागते. पुढे किंवा मागे चालत जाताना मात्र क्रम बदलतो: पुढे जाताना टाच आधी, मागे येताना चवडा आधी. पाऊल टेकते त्या क्षणी गुडघा थोडा वाकलेला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तो आत कलत असेल, तर वेग कमी करावा. गुडघा आत कलण्यामागे बहुधा नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचा अशक्तपणा असतो, त्यामुळे नुसता गुडघ्याला पट्टा बांधून काही साधत नाही.

जमीन आणि बूट यांचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. मंगल कार्यालयाची फरशी सिमेंटवर बसवलेली असते, ती तसूभरही दबत नाही, आणि पावसात ओल्या चपलांमुळे गुळगुळीत होते. लाकडी किंवा रबरी तळ मिळाला तर उत्तम. नाहीतर चवड्याखाली जाड तळवा असलेले आणि बाजूने आधार देणारे बूट घ्यावेत. धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी केलेले असतात, आणि त्यातल्या काहींचा तळ इतका घट्ट पकडतो की बाजूला वळताना पाऊल अडकते आणि गुडघा फिरतो. अनवाणी तर नकोच. जाड सतरंजी अंथरणे हा उपाय नव्हे, ती सरकते.

हातांविषयी एक स्वतंत्र सूचना करावी लागते. हात खांद्यांच्या वर नेऊन हलवत राहिल्यास नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. हातांचे लहान स्नायू डोक्याच्या वर काम करत असताना हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नृत्यासारख्या बॅचमध्ये घड्याळावर १४० दिसले, तरी तेवढ्याच ठोक्यांच्या धावण्याइतका प्राणवायू वापरला गेला असे समजू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हात छातीच्या पातळीखाली ठेवावेत; पावले पूर्ण करावीत, हात अर्धे केले तरी चालते. हातात वजने घेऊन नाचणे नवख्याने टाळावे. श्वास रोखण्याची सवय असेल, तर ती याच काळात मोडावी.

पाचवी पायरी: प्रकार वाढवणे

चार ते सहा आठवडे, आठवड्यातून तीन-चार बॅच झाल्यावर पुढच्या प्रकाराकडे वळता येते. तोवर शरीरात बरेच काही घडलेले असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय भरून येते आणि एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते. त्यानंतर स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी केंद्रे संख्येने आणि क्षमतेने वाढतात; तेच काम कमी ठोक्यांत होऊ लागते आणि शरीर चरबीचा वापर थोडा अधिक करू लागते. हाडांच्या नूतनीकरणाचे एक आवर्तन मात्र तीन-चार महिने घेते, आणि कंडरांचा तंतू त्याहून घाईत नसतो.

माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यात उड्या मारण्याच्या या शर्यतीकडे त्या वळल्या, त्याआधी त्या लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. ऑलिंपिकची तुलना आपल्या हॉलशी कोणी करणार नाही, परंतु आधी पल्ला आणि मग उडी हा क्रम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

नृत्यप्रधान प्रकार, म्हणजे झुंबा आणि त्याच्या धर्तीवर चालणारे लावणी-बॉलिवूडचे वर्ग. कोलंबियाच्या काली शहरातील बेतो पेरेझ या शिक्षकाने १९९० च्या दशकात साल्सा-मेरेंगेच्या संगीतावर हे वर्ग घ्यायला सुरुवात केली. गाणे बदलले की ठेका बदलतो, त्यामुळे श्रम एका पातळीवर न राहता चढ-उतार करत राहतात. नाडी दोन गाण्यांच्या मध्ये उतरते आणि पुन्हा चढते. कंबर आणि धड यांचे स्नायू इथे साध्या एरोबिक्सपेक्षा जास्त वापरले जातात. अडचण अशी की नाचण्याच्या आनंदात श्रमाची जाणीव कमी होते. हा गुण आहे आणि धोकाही. पाय टेकलेला असताना धड फिरवणाऱ्या हालचालींत गुडघ्याला पीळ बसतो. फिरायचे असेल तेव्हा टाच उचलून चवड्यावर फिरावे. पाठदुखी असणाऱ्यांनी कमरेचे झटके आवरते घ्यावेत.

स्टेप एरोबिक्स हा प्रकार अमेरिकेतील शिक्षिका जिन मिलर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना पायरीवर चढ-उतार करण्याच्या व्यायामातून विकसित केला. त्याचे मोजमाप स्वच्छ आहे, म्हणून मला तो आवडतो. संगीताचा ठेका मिनिटाला १२८ असेल आणि चढून उतरण्याला चार ठोके लागत असतील, तर मिनिटाला ३२ वेळा चढणे होते. पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल, तर मिनिटाला ४.८ मीटर आणि वीस मिनिटांत ९६ मीटर शरीर उचलले जाते. हे तीस मजली इमारत चढण्याइतके आहे. आपल्या गावात तेवढी इमारत नाही, पण अजिंक्यताऱ्याची चढण आहे आणि तिची धाप कशी असते हे सातारकरांना सांगायला नको. चढताना मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आकुंचन पावून शरीर उचलतात आणि हृदयावरचा भार इथे येतो. उतरताना तेच मांडीचे स्नायू लांबत लांबत वेग रोखतात. त्यात धाप लागत नाही, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि २४ ते ७२ तासांनी मांड्या भरून येतात. किल्ला चढून आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी जिना चढण्यापेक्षा उतरणे जास्त अवघड जाते, तेही याच कारणाने. पुढच्या वेळी तेच काम केल्यावर दुखणे बरेच कमी होते, म्हणून पहिल्या दुखण्यावर गोळी घेऊन स्टेप सोडून देण्याची गरज नसते.

पायरी दहा सेंटिमीटरची घेऊन सुरुवात करावी आणि १५ वर हळूहळू जावे. चढताना संपूर्ण पाऊल, टाचेसकट, फळीवर बसले पाहिजे. टाच बाहेर लोंबत राहिली की घोट्यामागच्या कंडरेवर सगळा भार येतो. गुडघा काटकोनापेक्षा अधिक वाकत असेल, तर पायरी उंच आहे. उतरताना फळीपासून फार दूर उडी घेऊ नये, एका पावलाच्या अंतरावर चवडा आणि मग टाच टेकावी. फळीकडे डोळे खाली नेऊन पाहावे, मान मोडून नव्हे. एकच पाय सतत आधी चढत असेल, तर मिनिटाभराने बदलावा. ज्यांचा गुडघा जिना उतरताना पुढच्या बाजूने दुखतो त्यांनी स्टेपचा हट्ट धरू नये. जिन्यावर गुडघ्याच्या वाटीमागे येणारा दाब शरीराच्या वजनाच्या तीन पटींच्या घरात असतो. घरी विटांवर फळी ठेवून स्टेप करू नये, हे सांगावे लागते, कारण लोक करतात.

हाय-इम्पॅक्ट प्रकारांत, म्हणजे जम्पिंग जॅक, जागेवर धावणे, उड्यांचे संच यांत, नाडी झपाट्याने चढते आणि हाडांना चांगला ताण मिळतो. हाडे अशा ताणालाच घट्ट होऊन उत्तर देतात. त्यामुळे धडधाकट माणसाने उड्या कायमच्या वर्ज्य करण्याचे कारण नाही. तीन महिन्यांनंतर, लो-इम्पॅक्ट बॅचच्या मध्यभागी दोन-तीन मिनिटांचे तुकडे घालावेत आणि नडगीच्या आतल्या बाजूला दाबल्यावर दुखते का, हे आठवड्याला तपासावे. दुखत असेल तर उड्या थांबवाव्यात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांना उडी मारताना लघवीचे थेंब जातात. हे फार जणींना होते, फार कमी जणी सांगतात, आणि त्यावर व्यायाम आहेत. डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलावे.

पाण्यातल्या एरोबिक्सला शरीर सर्वांत वेगळा प्रतिसाद देते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास सांध्यांवरचा भार निम्म्याच्या आसपास आणि छातीपर्यंत गेल्यास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत येतो. पाण्याचा दाब पायांतील रक्त छातीकडे ढकलतो, हृदय अधिक भरते आणि म्हणून तेवढ्याच श्रमाला नाडी जमिनीवरच्यापेक्षा साधारण दहा ठोक्यांनी किंवा अधिकही कमी दिसते. तिसऱ्या पायरीतला पट्टा इथे जसाच्या तसा लावू नये, पाढा लावावा. हात-पाय दुप्पट वेगाने हलवले, तर विरोध जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे श्रम स्वतःच्या हाती राहतात. गुडघ्यांची झीज झालेल्या आणि वजन फार असलेल्या माणसांनी पहिला महिना पाण्यात काढावा, असे माझे मत आहे. हे तलावासाठी. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या पात्रात पावसाळ्यात असले काही करू नये.

राहिला मध्यंतरांचा व्यायाम, ज्याला बॅचच्या जाहिरातींत सर्रास ‘तबाता’ म्हणतात. जपानचे संशोधक इझुमी तबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० सेकंद कमाल क्षमतेच्याही पलीकडचा जोर आणि १० सेकंद विश्रांती असे सात-आठ फेरे होते. ते जागेवरच्या सायकलवर होते आणि ते करणारे तरुण आधीच तयारीचे होते. सहा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि प्राणवायूविना काम करण्याची क्षमता या दोन्ही वाढल्या. हॉलमध्ये फरशीवर चाळिशीतल्या माणसाने २०-१० च्या शिट्टीवर मारलेल्या उड्या म्हणजे तो अभ्यास नव्हे. नवख्याला मध्यंतरे हवीच असतील, तर एक मिनिट जलद, दोन मिनिटे संथ, असे पाच फेरे लो-इम्पॅक्ट पावलांनी करावेत. विसाव्याच्या दोन मिनिटांत नाडी भराभर उतरू लागली, तर मात्रा योग्य आहे. ती वरच अडकून राहत असेल, तर पुढचा फेरा सोडावा.

सहावी पायरी: थांबणे

संगीत संपले की मटकन खाली बसण्याची किंवा पाण्याच्या बाटलीकडे धावण्याची घाई होते. पायांतील रक्त वर ढकलण्याचे निम्मे काम पोटरीचे स्नायू करत असतात. ते एकदम थांबले की रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचून राहते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच ते आठ मिनिटे पावले संथ करत न्यावीत, नाडी १०० च्या आसपास आल्यावरच थांबावे आणि मग पोटरी, मांडीची पुढची-मागची बाजू, कंबर यांना प्रत्येकी २०-३० सेकंद ताण द्यावा. व्यायामानंतर काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा खाली राहतो. रक्तदाबाच्या रुग्णाला ही जमेची बाजू असली, तरी लगेच कडकडीत पाण्याने आंघोळ केल्यास चक्कर येऊ शकते. अर्धा तास थांबावे.

सातवी पायरी: आठवडा आखणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे कडक श्रम करावेत आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. नवख्याने आठवड्याला तीन बॅचने सुरुवात करून चौथ्या आठवड्यानंतर चौथी घ्यावी. वेळ, वेग, पायरीची उंची आणि उड्या यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. दोन बॅचच्या मधल्या दिवशी चालावे. पाऊस उघडला असेल तर चार भिंतीपर्यंत जाऊन यायला हरकत नाही. सोमवारी स्टेप, मंगळवारी झुंबा आणि बुधवारी पुन्हा स्टेप, असा हावरेपणा पहिल्या तीन महिन्यांत नको.

दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील, दुखणे पसरट असेल आणि तीन-चार दिवसांत उतरत असेल, तर ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे समजून हलकी बॅच करता येते. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, सांधा सुजला असेल किंवा सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाच कळवळत असेल, तर धक्क्याचे सगळे प्रकार थांबवून तपासून घ्यावे. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणे, विसाव्यानंतरही न ओसरणारी धाप, थंड घाम, ठोका चुकल्याची जाणीव यांपैकी काहीही झाल्यास बॅच तिथेच सोडावी, एकटे गाडी चालवत घरी जाऊ नये आणि कोणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा, नाहीतर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षिकेने अशा वेळी संगीत बंद करून उरलेल्यांना संथ पावलांवर ठेवावे; सगळ्यांनी मिळून त्या माणसाभोवती गराडा घालू नये.